रॉकफोर : गुहा, चूल आणि पाहुणचार

निळ्या बुरशीने मुरलेले चीज पाहुण्यांपुढे ठेवण्याच्या तासभर आधी फ्रिजबाहेर काढावे, ते कधीही उकळू नये, ज्या पदार्थात ते पडणार आहे त्यात मीठ घालण्याची घाई करू नये, कापताना मधला निळा भाग सर्वांच्या वाट्याला येईल असे पाहावे आणि ताटातील इतर चीज खाऊन झाल्यावरच त्याच्याकडे वळावे, असे नियम युरोपीय पाककृतींच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा आढळतात. बहुतेक ठिकाणी ते आज्ञेच्या रूपात दिलेले असतात आणि त्यांमागची कारणे सांगितलेली नसतात, त्यामुळे वाचणाऱ्याला ते श्रीमंती शिष्टाचाराचे भाग वाटतात आणि तो एकतर ते निमूटपणे पाळतो किंवा या चीजच्या वाटेला जाणेच टाळतो. प्रत्यक्षात यांपैकी एकेका नियमाचा उगम हे चीज ज्या रीतीने जन्माला येते त्या रीतीत आहे, आणि ती रीत एकदा समजली की नियम पाठ करण्याची गरज उरत नाही. त्यासाठी ब्लू चीजच्या मोठ्या कुटुंबातील सर्वांत जुनी कायदेशीर ओळख असलेल्या रॉकफोरपासून सुरुवात करणे योग्य ठरते.

दक्षिण फ्रान्सच्या आव्हेरों जिल्ह्यात, लार्झाकच्या चुनखडकी पठाराच्या कडेला, रॉकफोर-स्युर-सुल्झों नावाचे छोटे गाव कोंबालू या डोंगराला टेकून वसलेले आहे. प्रागैतिहासिक काळात या डोंगराची एक कड ढासळली, चुनखडकाचे प्रचंड शिलाखंड एकमेकांवर कोसळून पडले, आणि त्यांच्यामध्ये ज्या पोकळ्या राहिल्या त्यांनाच पुढे माणसाने कोरून, बांधून, मजल्यामजल्यांच्या तळघरांचे रूप दिले. या तळघरांना बाहेरच्या हवेशी जोडणाऱ्या खडकातील लांब, अरुंद, नैसर्गिक भेगांना तेथे ‘फ्लुरीन’ म्हणतात. या भेगांतून सतत खेळणारी हवा खडकातील ओल घेऊन आत येते, त्यामुळे बाहेर कडक उन्हाळा असो वा हिमवर्षाव, आतील तापमान साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहते आणि हवेतील आर्द्रता ९५ टक्क्यांच्या आसपास असते. यंत्राच्या साहाय्याने असे वातावरण आज कोठेही निर्माण करता येईल. परंतु विजेचा शोध लागण्याच्या कित्येक शतके आधी हे वातावरण येथे आपोआप उपलब्ध होते, आणि चीजची कीर्ती त्या काळातली आहे.

एका मेंढपाळाने राईची भाकरी आणि मेंढीच्या दुधाचे दही गुहेत विसरले आणि परतल्यावर त्याला निळ्या रेषांनी भरलेले चीज मिळाले, अशी एक कथा गावात पर्यटकांना आवर्जून सांगितली जाते. तिला ऐतिहासिक आधार नाही. तरीही या कथेत रॉकफोरला लागणाऱ्या तीनही वस्तू, म्हणजे मेंढीचे दूध, राईचा पाव आणि गुहेतील हवा, अचूक आलेल्या आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दंतकथेने व्यक्ती कल्पिली असली तरी प्रक्रिया खरीच जपून ठेवली आहे.

या दुधाचा विचार थोडा सविस्तर करावा लागतो. रॉकफोरसाठी केवळ लाकोन जातीच्या मेंढ्यांचे दूध चालते, आणि तेही न तापवलेले, म्हणजे पाश्चरीकरण न केलेले. मेंढीच्या दुधात सुमारे ७ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट, आणि प्रथिनांचे प्रमाणही त्याच मानाने अधिक असते. गाईच्या दुधाला पिवळसर छटा देणारे कॅरोटीन हे रंगद्रव्य मेंढीच्या दुधात जवळपास नसते, म्हणून रॉकफोरचा गर हस्तिदंती पांढरा राहतो आणि त्यावर निळ्या-हिरव्या शिरा ठळक उठून दिसतात. म्हशीच्या दुधाचे लोणी पांढरे असण्याचे कारणही हेच आहे. मेंढ्या वर्षभर दूध देत नाहीत. हिवाळ्याच्या सुरुवातीपासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत दोहन चालते आणि नंतर गोठे कोरडे पडतात. त्यामुळे बाजारात बारा महिने दिसणारे हे चीज प्रत्यक्षात एका हंगामाचे पीक आहे.

दूध चीजघरात आले की ते साधारण कोमट, ३० अंशांच्या आसपास, केले जाते आणि त्यात विरजणाचे जिवाणू, बुरशीचे बीजाणू व रेनेट घालतात. रेनेट म्हणजे दूधपित्या प्राण्याच्या जठरातील, दूध गोठवणारे विकर. रॉकफोरसाठी ते कोकराच्या जठरातून घेतलेले असते. दूध गोठले की त्याचे लहान तुकडे करतात, निवळी वेगळी होऊ देतात आणि ते तुकडे साच्यांत भरतात, मात्र दाबत नाहीत. न दाबण्यामागे हेतू आहे. तुकड्यांच्या मधे बारीक पोकळ्या राहाव्यात आणि पुढे तेथे बुरशीला जागा मिळावी, यासाठी साचे नुसते वेळोवेळी उलटले जातात आणि निवळी स्वतःच्या भाराने गळते. अशी तयार झालेली अडीच ते तीन किलोची ढेप भरड मिठाने बाहेरून चोळतात. ते मीठ कडेकडून आत सरकत जाते आणि शेवटी चीजमध्ये त्याचे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या घरात पोहोचते. पेनिसिलियम रॉकफोर्टी ही बुरशी अन्य बुरश्यांच्या तुलनेत मीठ आणि प्राणवायूची टंचाई दोन्ही सहन करते, म्हणून हे मीठ स्पर्धक जिवाणूंना मागे ठेवते आणि तिच्यासाठी शेत मोकळे करते.

बुरशीचे हे शास्त्रीय नाव अमेरिकी कवकशास्त्रज्ञ चार्ल्स थॉम यांनी १९०६ मध्ये दिले. परंपरेने ही बुरशी राईच्या मोठ्या पावांवर वाढवली जात असे. भरपूर भाजून कवच कडक केलेले पाव गुहेत काही आठवडे ठेवले की त्यांचा आतील भाग निळ्या-हिरव्या बुरशीने व्यापला जाई, मग तो वाळवून, दळून त्याची पूड दुधात मिसळत. आज बहुतेक ठिकाणी बीजाणू प्रयोगशाळेत जोपासले जातात, तरी पावावर बुरशी वाढवण्याची पद्धत पूर्णपणे लोपलेली नाही. बुरशी दुधात असली तरी हवेवाचून ती निळी होत नाही, म्हणून गुहेत नेण्याआधी प्रत्येक ढेप सुमारे ४० लांब सुयांनी आरपार टोचली जाते. या छिद्रांतून आत साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, गुहेतील हवा आत जाते आणि बीजाणू रुजतात. निळ्या चीजचा उभा छेद घेतल्यास सरळ रेषेत उतरणाऱ्या ज्या शिरा दिसतात त्या या सुयांच्या वाटा होत.

गुहेत ढेपा ओकच्या फळ्यांवर, एकमेकींना न चिकटता, कडेवर उभ्या ठेवल्या जातात आणि किमान दोन आठवडे तशाच उघड्या राहतात. बुरशी हवी तेवढी पसरली की त्या कथिलाच्या पातळ पन्नीत गुंडाळतात. हवा तोडली गेल्याने बुरशीची वाढ मंदावते आणि अधिक थंड ठिकाणी पुढचे मुरणे संथपणे चालू राहते. दूध गोठल्यापासून बाजारात जाईपर्यंत किमान ९० दिवस जावे लागतात आणि प्रत्यक्षात अनेक ढेपा त्याहून बराच काळ मुरतात. मीठ लावणे, पन्नी गुंडाळणे, ढेपा फिरवणे ही गुहेतील कामे पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी केली. त्यांना ‘कबानियेर’ म्हणत. थंड, ओल्या, दिवसाचा उजेड न दिसणाऱ्या तळघरांत आयुष्य घालवलेल्या या स्त्रियांचा उल्लेख चीजच्या गौरवग्रंथांत ओझरता येतो. तो ठळकपणे यायला हवा, कारण ढेप कधी गुंडाळायची याचा निर्णय त्यांच्या डोळ्यांवर आणि बोटांवर अवलंबून असे.

या गावाचा हक्क कागदावर फार लवकर आला. फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स याने १४११ मध्ये रॉकफोरच्या रहिवाशांना हे चीज मुरवण्याचा विशेषाधिकार देणारी सनद दिली, १६६६ मध्ये तुलूझच्या न्यायपीठाने नकली रॉकफोर विकणाऱ्यांविरुद्ध हुकूम काढला, आणि २६ जुलै १९२५ रोजी फ्रेंच संसदेच्या कायद्याने रॉकफोर हे मूळस्थानाचे संरक्षण मिळवणारे पहिले चीज ठरले. १९६१ मध्ये मियो शहराच्या न्यायालयाने यातील कळीचा मुद्दा स्पष्ट केला : तशी पद्धत दक्षिण फ्रान्समध्ये इतरत्र वापरता येईल, परंतु कोंबालूच्या नैसर्गिक गुहांत मुरलेल्या चीजलाच रॉकफोर म्हणता येईल. म्हणजे कायद्याने नाव अखेर एका डोंगरातील हवेशी बांधले.

मियो हे नाव पुन्हा एकदा जगभर गाजले ते १९९९ मध्ये. युरोपीय संघाने संप्रेरके देऊन वाढवलेल्या जनावरांचे गोमांस आयात करण्यास नकार दिला, त्याला उत्तर म्हणून अमेरिकेने रॉकफोरसह काही युरोपीय मालावर १०० टक्के आयातशुल्क लावले, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मेंढपाळ व शेतकरी नेते जोझे बोव्हे यांच्या नेतृत्वाखाली आंदोलकांनी मियो येथे बांधकाम चालू असलेल्या मॅकडॉनल्डच्या इमारतीचे भाग उतरवून टाकले. बोव्हे यांना त्यासाठी तुरुंगवास झाला. गोमांसाच्या वादात मेंढीच्या चीजचा बळी जावा, हे लार्झाकच्या पठारावरील लहान पशुपालकांना अन्यायाचे वाटले, आणि ते समजण्यासारखे आहे.

बुरशीचा स्वतःचा इतिहास कायद्याहून कितीतरी जुना आहे. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथील मिठाच्या खाणीत, मिठामुळे टिकून राहिलेल्या मानवी विष्ठेच्या नमुन्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सुमारे २,७०० वर्षांपूर्वीच्या एका खाणकामगाराच्या विष्ठेत पेनिसिलियम रॉकफोर्टी आणि बीअर करणारे यीस्ट यांचे जनुकीय अवशेष विपुल आढळले. लोहयुगातील माणूस निळे चीज खात असावा, याचा हा भक्कम पुरावा मानला जातो. दुसरीकडे फ्रेंच संशोधकांनी या बुरशीच्या आजच्या वाणांची तुलना केली असता चीजमधील वाणांचे दोन गट पडतात असे दिसले : एक रॉकफोरचा आणि दुसरा जगातील उरलेल्या बहुतेक निळ्या चीजचा. दुसऱ्या गटातील जनुकीय वैविध्य अत्यंत आटलेले आहे, कारण उद्योगाने जोमाने वाढणारे मोजकेच वाण निवडून त्यांचीच पुन्हा पुन्हा लागवड केली. रॉकफोरच्या गटात मात्र काहीसे अधिक वैविध्य शिल्लक राहिले, त्याची चीजमधील वाढ सावकाश असते आणि पावावर तो भरपूर बीजाणू देतो. गुहा आणि पाव यांच्या जुन्या रीतीने काय वाचवले, ते या तुलनेतून नेमके कळते.

आता चवीकडे वळता येईल. बुरशी चीजमधील स्निग्ध पदार्थांचे विघटन करून मुक्त मेदाम्ले तयार करते. मेंढीच्या दुधातील लहान साखळीची मेदाम्ले जिभेवर मिऱ्यासारखी झोंबतात. यांपैकी काही मेदाम्लांपासून पुढे मिथाइल कीटोन नावाची बाष्पशील, म्हणजे सहज हवेत उडणारी, संयुगे बनतात, आणि निळ्या चीजचा ओळखीचा उग्र गंध मुख्यतः त्यांचाच असतो. त्याच वेळी प्रथिने तुटून ग्लुटामेटसारखी अमिनो आम्ले मोकळी होतात, त्यांतून मांसल, भरीव अशी चव येते. म्हणजे एकाच घासात तिखटपणा, गंध, भरीवपणा आणि खारटपणा हे चारही गुण तीव्र असतात. अशा वस्तूकडे स्वयंपाक्याने भाजीकडे पाहावे तसे न पाहता मसाल्याकडे पाहावे तसे पाहणे अधिक योग्य आहे, आणि प्रमाण, वेळ व आच यांविषयीचे सगळे निर्णय त्यावरून सुटत जातात.

गंध बाष्पशील असल्यामुळे आच जितकी जास्त आणि जितका वेळ, तितका गंध पातेल्यातून उडतो आणि मागे खारटपणा तेवढा राहतो. शिवाय चीज उकळल्यास स्निग्धांश वेगळा होऊन तेलासारखा तरंगतो. फ्रान्समध्ये भाजलेल्या मांसाबरोबर दिला जाणारा रॉकफोर सॉस याचे चांगले उदाहरण आहे. चार माणसांसाठी २०० मिलिलिटर क्रीम मंद आचेवर थोडे आटवावे, पातेले खाली उतरवावे, एखादे मिनिट थांबावे आणि मगच ८० ते १०० ग्रॅम कुस्करलेले चीज त्यात विरघळू द्यावे. वर मिरपूड घालावी, मीठ चाखल्याशिवाय घालू नये, आणि बहुधा ते लागतच नाही. मुरताना प्रथिने तुटलेली असल्याने हे चीज मोझरेलासारखे तारा न सोडता सरळ विरघळते, त्यामुळे त्याला जोराच्या आचेची गरजही नसते. फार घोटल्यास निळ्या शिरा क्रीममध्ये मिसळून सॉसला करडा रंग येतो, म्हणून थोडे तुकडे शेवटी वरून घालण्याची पद्धत चांगली आहे.

इटलीत हाच विचार तांदळाच्या पदार्थात दिसतो. गोर्गोंझोला हे लोंबार्दी आणि पिएमोंते प्रांतांतले गाईच्या दुधाचे निळे चीज दोन प्रकारांत मिळते : किमान ५० दिवस मुरलेले मऊ, गोडसर ‘दोल्चे’ आणि किमान ८० दिवस मुरलेले घट्ट, झोंबणारे ‘पिकांते’. रिझोत्तो, म्हणजे आखूड दाण्याचा पिष्टमय तांदूळ थोडा थोडा गरम रस्सा घालत शिजवून केलेला सैलसर भात, तयार झाला की भांडे आचेवरून उतरवून त्यात लोणी व चीज जोराने ढवळून मिसळतात. या अखेरच्या पायरीला तेथे मोठे महत्त्व आहे, आणि गोर्गोंझोला घालायचे ते याच वेळी. दोल्चे प्रकार स्वतःच लोण्यासारखा असल्याने लोणी कमी पुरते, आणि बारीक चिरलेले पिकलेले पेअर सोबत घातले तर फळाच्या गोडीने खारटपणा आटोक्यात राहतो. मक्याच्या भरड पिठाची शिजवलेली पोलेंटा आणि बटाट्याचे न्योकी यांवरही हे चीज घालतात. पिष्टमय, सौम्य, गरम पायावर तीव्र चीज थोडेसे, ही जोडी उत्तर इटलीच्या थंडीत घडलेली आहे.

इंग्लंडमधील ब्रोकोली किंवा सेलरी आणि स्टिल्टनचे सूप, अमेरिकेतील कॉब सॅलड, आणि न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराच्या अँकर बारमध्ये १९६४ मध्ये टेरेसा बेलिसिमो यांनी लोकप्रिय केलेले तिखट सॉसमधील कोंबडीचे पंख, या सर्वांत निळ्या चीजची भूमिका वेगवेगळी आहे. सूपमध्ये ते वाटण झाल्यावर, गॅस बंद करून मिसळायचे असते. पंखांबरोबर मात्र ते थंड बुडवणीच्या रूपात येते आणि लाल मिरचीचा दाह कमी करते. अशी बुडवणी करताना निम्मे चीज आंबट क्रीम किंवा घट्ट दह्यात नीट घोटावे आणि उरलेले निम्मे कुस्करून तसेच ठेवावे, म्हणजे चव सर्वत्र पसरते आणि मधेच एखादा तीव्र कणही दाताखाली येतो; दोन-चार तास फ्रिजमध्ये मुरू दिल्यास तिला खरी चव येते. कडवट एंडाइव्हची पाने, अक्रोड आणि रॉकफोर यांचे फ्रेंच सॅलड तर आचेपासून पूर्ण मुक्त आहे, आणि या चीजच्या स्वयंपाकाला नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी तेच सर्वांत निर्धोक आहे.

पाहुणचाराचा प्रश्न स्वयंपाकापेक्षा नाजूक आहे, कारण तेथे चीज एकटे, उघडे, कशाच्याही आडोशाशिवाय समोर येते. फ्रेंच जेवणात चीजचा क्रम मुख्य पदार्थानंतर आणि गोडाच्या आधी असतो, तर इंग्रजी परंपरेत ते बरेचदा अगदी शेवटी येते. स्टिल्टन आणि नाताळ यांचे नाते इंग्लंडमध्ये इतके दृढ आहे याचे एक कारण दुधात सापडते : उन्हाळा संपताना आणि शरदाच्या आरंभी मिळणाऱ्या सकस दुधाचे चीज तीनेक महिने मुरून डिसेंबरच्या अखेरीस ऐन रंगात येते. स्टिल्टनची कहाणी अशीही विलक्षण आहे की ज्या गावाचे नाव त्याला मिळाले तेथे ते आज कायद्याने बनवता येत नाही. अठराव्या शतकात उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील स्टिल्टन गावच्या बेल इन या खानावळीतून ते प्रवाशांना विकले जाई म्हणून ते नाव पडले, आणि संरक्षित नावाचा हक्क आज डर्बिशर, लेस्टरशर व नॉटिंगहॅमशर या तीन परगण्यांपुरता आहे. स्टिल्टन गाव त्यांच्या बाहेर पडते.

थंडगार चीजमध्ये स्निग्धांश घट्ट असतो आणि बाष्पशील गंध त्यात अडकून राहतात, म्हणून तासभर आधी ते बाहेर काढायचे. त्या वेळेत त्यावर झाकण किंवा ओलसर फडके असावे, नाहीतर पृष्ठभाग वाळतो. मुंबई किंवा कोकणच्या उकाड्यात मात्र युरोपातील तासभराचा नियम आंधळेपणाने पाळू नये; तेथील खोलीचे तापमान १८ ते २० अंश गृहीत धरलेले असते, आणि ३० अंशांच्या खोलीत वीस-पंचवीस मिनिटांत चीज घाम धरू लागते. कापण्याच्या बाबतीत न्यायबुद्धी हवी. रॉकफोरमध्ये बुरशी मध्यभागी दाट आणि कडेला विरळ असते, उलट मीठ कडेला अधिक लागते, त्यामुळे टोक कापून घेणारा सर्वांत चांगला भाग उचलतो आणि नंतरच्यांना खारट कड उरते. केंद्रापासून कडेपर्यंत पंख्यासारखे पातळ काप केले की हा अन्याय टळतो. भुसभुशीत चीज सुरीला चिकटते आणि चुरा होतो, म्हणून व्यावसायिक विक्रेते ताणलेल्या तारेने कापतात. घरी गरम पाण्यात बुडवून पुसलेली पातळ सुरी पुरते. निळ्या चीजसाठी सुरी स्वतंत्र ठेवावी, कारण तिच्यावरून बीजाणू शेजारच्या मऊ चीजवर सहज जातात.

चीजच्या ताटात सौम्य ते तीव्र असा क्रम ठेवून निळे शेवटी खायचे, याचे कारण त्याच्यानंतर दुसऱ्या कशाचीही चव लागत नाही. तीन-चार प्रकारांच्या ताटात निळ्या चीजचे माणशी २५ ते ३० ग्रॅम पुरेसे होतात. सोबतीला काय ठेवावे, याचे उत्तर पुन्हा मिठातून मिळते : खारट आणि झोंबणाऱ्या वस्तूला गोड जोडीदार हवा. मध, पेअर, द्राक्षे, अंजीर आणि अक्रोड ही जुनी सोबत आहे, आणि पाव राईचा किंवा अक्रोड घातलेला. पेयांमध्ये रॉकफोरबरोबर बोर्दो भागातील सोतेर्न ही गोड पांढरी वाइन आणि स्टिल्टनबरोबर पोर्तुगालची पोर्ट या जोड्या रूढ आहेत. सोतेर्नची द्राक्षे बोट्रायटिस या बुरशीने सुकून साखर घट्ट झाल्यावरच तोडली जातात, म्हणजे त्या मेजावर दोन बुरश्यांनी केलेली दोन कामे एकत्र येतात. नाशिकच्या मळ्यांतही उशिरा तोडलेल्या शेनिन ब्लांक द्राक्षांची गोड वाइन बनते आणि ती या चीजला साजते. मद्य न घेणाऱ्यांसाठी थंड पेअरचा किंवा सफरचंदाचा रस तितकाच योग्य आहे. ज्यांनी हे चीज पूर्वी खाल्लेले नाही अशा पाहुण्यांना ते बिनमिठाच्या लोण्यात निम्मेनिम्मे घोटून पावावर द्यावे. फ्रान्समध्ये अनेक घरांत रॉकफोर असेच खाल्ले जाते, त्यामुळे यजमानाने त्यात कमीपणा मानू नये.

पाहुण्यांना विचारून घ्यायच्या गोष्टी यजमानाने विसरू नयेत. गर्भवती स्त्रियांनी मऊ निळे चीज न शिजवता खाऊ नये, कारण त्यात लिस्टेरिया या घातक जिवाणूचा धोका संभवतो. वाफ येईपर्यंत पूर्ण गरम केलेल्या पदार्थात तो राहत नाही. नैराश्यावरील एमएओ-प्रतिबंधक गटाची जुनी औषधे घेणाऱ्यांना मुरलेल्या चीजमधील टायरामीनमुळे रक्तदाब एकाएकी वाढण्याचा धोका असतो. आणि शाकाहारी पाहुण्यांच्या दृष्टीने रेनेटचा प्रश्न टाळता येत नाही. अस्सल रॉकफोर शाकाहारी असू शकत नाही, गोर्गोंझोलातही परंपरेने वासराचे रेनेट असते. ही गोष्ट न सांगता ते वाढणे म्हणजे पाहुण्याच्या विश्वासाचा भंग होय. भारताच्या आयात धोरणात प्राणिज रेनेट निषिद्ध वस्तूंत मोडते, त्यामुळे येथील दुकानांत दिसणारे निळे चीज बहुधा सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटने बनवलेले असते. पुण्याच्या एबीसी फार्म्ससारख्या प्रकल्पांनी ब्लू चीज भारतातच तयार करून दाखवले आहे. त्याला रॉकफोर म्हणता येणार नाही आणि म्हणण्याची आवश्यकताही नाही. गाईच्या दुधामुळे त्याची चव वेगळी असते, आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या पुरंदरच्या पिकलेल्या अंजिराबरोबर ते ठेवले तर एकाच जिल्ह्यातल्या दोन वस्तूंचे ताट तयार होते.

उरलेल्या चीजची काळजीही त्याच्या स्वभावानुसार घ्यावी लागते. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळल्यास ते घामेजते आणि अमोनियाचा वास धरते, उघडे ठेवल्यास वाळते आणि फ्रिजमधील दुधालोण्याला आपला गंध देते, म्हणून बटरपेपर किंवा मूळची पन्नी आणि त्यावर झाकणाचा डबा, अशी दुहेरी व्यवस्था चांगली. निळी-हिरवी बुरशी हा त्याचा धर्म आहे. मात्र गुलाबी किंवा तपकिरी डाग, बुळबुळीत थर आणि नाकाला झोंबणारा अमोनिया ही ते बिघडल्याची लक्षणे असून असे चीज टाकून द्यावे. ताटावर ठेवण्यासारखे राहिलेले नाही असे तुकडे गोठवता येतात. गोठवल्याने पोत भुसभुशीत होतो, पण सॉस, सूप आणि लोणी यांसाठी तो चालतो, शिवाय गोठलेला तुकडा किसणीवर सहज किसला जातो आणि गरम भाजलेल्या बटाट्यावर हवा तेवढाच भुरभुरता येतो.